एंजल आणि व्हीसी : आधी विचारा, पैसा कुणाचा?

स्टार्टअपविषयी लिहिणारे एक वाक्य इतक्या वेळा लिहितात की ते आता कुणी तपासतही नाही : ‘एंजल छोटी रक्कम देतो, व्हीसी मोठी देतो.’ व्हीसी म्हणजे व्हेंचर कॅपिटल, नव्या कंपन्यांत पैसा घालणारा व्यावसायिक गुंतवणूकदार. वाक्य खोटं नाही. पण त्याने खरा फरक झाकला जातो. एंजलसमोर चाललेलंच प्रेझेंटेशन, तीच वाढीची गती, तीच स्वप्नं घेऊन फाउंडर व्हीसीकडे जातात आणि नकार मिळाला की आपल्या कंपनीतच खोट आहे असं धरून चालतात. त्याहून वाईट म्हणजे कधीकधी होकार मिळतो आणि चांगला चाललेला धंदा नको त्या वेगाला जुंपला जातो.

एंजल कोण, हे बहुतेकांना माहीत असतं. स्वतःचे पैसे राखून असलेली व्यक्ती, बऱ्याचदा स्वतः कंपनी उभी करून विकलेली, अगदी सुरुवातीला स्वतःच्या खात्यातून चेक देते आणि बदल्यात थोडे शेअर घेते. 1998 मध्ये सन मायक्रोसिस्टिम्स या संगणक कंपनीचे सहसंस्थापक अँडी बेख्टोल्शाइम यांनी गूगलच्या दोन संस्थापकांना 1 लाख डॉलरचा चेक लिहून दिला, तेव्हा त्या नावाची कंपनी अजून नोंदलेलीही नव्हती. कुणाला विचारायचं नव्हतं, कुणाला हिशेब द्यायचा नव्हता. पुढच्या वर्षी सिकोया आणि क्लाइनर पर्किन्स या दोन व्हीसी फर्म मिळून 2.5 कोटी डॉलर घेऊन आल्या.

या गोष्टीतून लोक रकमेचा फरक तेवढा उचलतात. बाकीचे फरकही सगळीकडे वाचायला मिळतात : एंजल लवकर ठरवतो, व्हीसी ड्यू डिलिजन्समध्ये, म्हणजे कंपनीच्या कसून तपासणीत, आठवडे घालवतो, व्हीसी बोर्डवर जागा मागतो, एंजल सहसा मागत नाही, व्हीसीची टर्म शीट, म्हणजे गुंतवणुकीच्या अटींचा कागद, लांबलचक असते. सगळं खरं. पण हे सगळे परिणाम आहेत. कारण एकच : व्हीसी जो पैसा घालतो तो त्याचा नसतो.

इथे आणखी एक घोळ सोडवायला हवा, कारण जाणकारसुद्धा ‘फर्म’ आणि ‘फंड’ हे शब्द एकाच अर्थाने वापरतात. फर्म म्हणजे माणसं : पार्टनर, त्यांचे सहकारी, त्यांचं नाव. फंड म्हणजे त्या फर्मने उभा केलेला, स्वतंत्र कायदेशीर अस्तित्व असलेला पैशाचा साठा. एकाच फर्मचे तीन-चार फंड एकाच वेळी वेगवेगळ्या वयाचे असू शकतात. त्यात पैसा घालतात ते एलपी, म्हणजे लिमिटेड पार्टनर : पेन्शन फंड, विद्यापीठांचे राखीव निधी, विमा कंपन्या, श्रीमंत कुटुंबं. फर्मचे लोक जनरल पार्टनर म्हणून तो चालवतात; स्वतःचेही थोडे घालतात, बहुधा एक-दोन टक्के. ‘100 कोटींचा फंड’ याचा अर्थ 100 कोटी बँकेत पडून आहेत असा नाही. एलपींनी तेवढं द्यायचं वचन दिलेलं असतं आणि गुंतवणूक ठरेल तसतसा त्यांच्याकडून पैसा मागवला जातो.

फंडाचं आयुष्य साधारण 10 वर्षांचं, फार तर एक-दोन वर्षं वाढवून मिळतात. नव्या कंपन्या घ्यायच्या त्या पहिल्या तीन ते पाच वर्षांत. फर्म दर वर्षी फंडाच्या सुमारे 2 टक्के व्यवस्थापन शुल्क घेते आणि शेवटी नफ्यातला साधारण 20 टक्के वाटा. म्हणजे ठरलेल्या मुदतीत, दुसऱ्याचा पैसा, मोठ्या पटीने वाढवून परत करायचा. एंजलवर यातलं एकही बंधन नसतं.

आता हे आकड्यांत पाहू. एका एंजलने 25 लाख घातले, तेव्हा कंपनीचं मूल्य, त्याची रक्कम धरून, 5 कोटी. त्याचा हिस्सा 5 टक्के. पुढे व्हीसी फंडाने 3 कोटी घातले, ती रक्कम धरून मूल्य 20 कोटी, म्हणजे हिस्सा 15 टक्के. एंजलचा हिस्सा उतरून 4.25 टक्के झाला. काही वर्षांनी एक मोठी कंपनी ही कंपनी 40 कोटींना विकत घ्यायला तयार होते. एंजलला 1 कोटी 70 लाख मिळतात, जवळजवळ सातपट; तो आनंदाने सही करेल. फाउंडरचंही आयुष्य बदलेल. फंडाला 6 कोटी मिळतात, दुप्पट. ऐकायला हेही वाईट नाही.

पण फंडाच्या बाजूने बघा. 100 कोटींच्या फंडातून शुल्क वजा जाता साधारण 80 कोटी गुंतवायला उरतात. सोयीसाठी धरू की ते 27 कंपन्यांत प्रत्येकी 3 कोटी असे घातले. समजा सत्तावीसच्या सत्तावीस कंपन्या अशाच 40 कोटींना विकल्या गेल्या, एकही बुडाली नाही. फंडाकडे येतात 162 कोटी. चांगला फंड म्हणजे तिप्पट, असा या धंद्यातला ढोबळ हिशेब. तिप्पट म्हणजे 300 कोटी. एकही अपयश नसताना गाडी अर्ध्याच्या जरा पुढे येऊन थांबली, आणि तीही दहा वर्षांनी. पुढचा फंड उभारायला एलपींकडे हे आकडे घेऊन जाणं अवघड आहे. प्रत्यक्षात तर सुरुवातीच्या टप्प्यातल्या बहुतेक कंपन्या घातलेली रक्कमही परत देत नाहीत. मग 300 कोटी येणार कुठून? एकदोन कंपन्यांमधूनच. पुढच्या राउंडमध्ये, म्हणजे गुंतवणुकीच्या पुढच्या फेरीत, 15 टक्क्यांचे 10 टक्के होतात असं धरलं, तर एका कंपनीने अख्खा फंड भरून काढायला तिचं मूल्य 1,000 कोटी व्हायला हवं.

व्हीसीच्या डोक्यातला प्रश्न हा असतो : ‘ही 1,000 कोटींची होऊ शकेल का?’ ती फायद्यात चालेल का, टिकेल का, हे त्यानंतर येतं. ही अलीकडची हाव आहे असं कुणी म्हणालं की मला राहवत नाही. हे गणित या व्यवसायाच्या जन्मापासूनचं आहे. जॉर्ज डोरिओ यांच्या पुढाकाराने 1946 मध्ये अमेरिकेत सुरू झालेल्या एआरडीसी (अमेरिकन रिसर्च अँड डेव्हलपमेंट कॉर्पोरेशन) या सुरुवातीच्या व्हीसी संस्थेने 1957 मध्ये डिजिटल इक्विपमेंट या संगणक कंपनीत 70 हजार डॉलर घातले. त्या एका गुंतवणुकीच्या परताव्यापुढे संस्थेच्या बाकीच्या सगळ्या गुंतवणुका किरकोळ ठरल्या.

हे एकदा लक्षात आलं की व्हीसीचा नकार वेगळा ऐकू येतो. ‘बाजारपेठ लहान वाटते’ म्हणजे तुमचा धंदा वाईट आहे असं नाही. तो त्यांच्या फंडाच्या आकाराला पुरत नाही, एवढंच. वर्षाला 10 कोटींची विक्री आणि चांगला नफा देणारं, एका विशिष्ट उद्योगापुरतं सॉफ्टवेअर ही उत्तम कंपनी आहे. तिला व्हीसीने नाही म्हणावं आणि तिने तो नकार मनाला लावून घेऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे. अशा कंपनीसाठी एंजलचा किंवा ग्राहकांचा पैसा कधीही बरा.

आणि होकार आला तर त्याचा अर्थही कळतो. वरची 40 कोटींची विक्री आठवा. व्हीसीच्या करारात कंपनी विकायला त्यांची संमती लागते असं कलम बहुधा असतंच. एंजल आणि फाउंडर तयार असतानाही फंडाचा माणूस ‘अजून थांबू, अजून वाढवू’ म्हणेल. तो दुष्ट नाही. दुप्पटीने त्याचा फंड हलत नाही, दहापट-वीसपटीने हलतो, आणि तो त्या शक्यतेसाठी हातातली दुप्पट पणाला लावायला तयार असतो. तुमच्याकडे मात्र एकच कंपनी असते.

दुसरा परिणाम पुढच्या राउंडला दिसतो. बरेच फंड आपल्या कंपन्यांत पुन्हा घालण्यासाठी काही रक्कम बाजूला ठेवतात. त्यामुळे पुढच्या वेळी त्यांनी हात आखडता घेतला तर नवे गुंतवणूकदार विचारतात : आतली माहिती असलेल्यांनीच का घातले नाहीत? एंजलने पुन्हा पैसे घातले नाहीत तर कुणी काही विचारत नाही, त्याच्याकडून ती अपेक्षाच नसते. म्हणून मोठ्या फर्मकडून अगदी सुरुवातीला मिळालेला छोटासा चेक मला फारसा आवडत नाही. नाव मोठं मिळतं, पण पुढच्या वेळी त्यांनी पाठ फिरवली तर त्याची किंमतही मोठी मोजावी लागते.

माणसाकडे बघून मात्र हा फरक ओळखता येत नाही. पीटर थील यांनी 2004 मध्ये फेसबुकमध्ये 5 लाख डॉलर घातले ते स्वतःचे, एंजल म्हणून. 2005 मध्ये त्यांनीच फाउंडर्स फंड ही व्हीसी फर्म सुरू केली. माणूस तोच, पण त्याच्या दोन चेकमागचं गणित वेगळं. शिवाय एंजलांचे गट असतात, एंजलांनी मिळून केलेले छोटे फंड असतात. फलकावर काय लिहिलंय याला अर्थ नाही. दुसऱ्यांचा पैसा ठरलेल्या मुदतीसाठी घेतला असेल तर व्हीसीचं गणित लागू होतं.

तेव्हा भेटीत थेट विचारा. हा चेक कुठल्या फंडातून येणार? तो फंड कधी सुरू झाला, केवढा आहे? पुढच्या राउंडसाठी किती राखून ठेवता? पाचव्या वर्षात असलेल्या फंडाचा पैसा घेणार असाल, तर कंपनी विकण्याचा आग्रह तुम्हाला वाटतो त्याच्या बराच आधी सुरू होईल. या प्रश्नांनी समोरचा दुखावेल ही भीती अनाठायी आहे. प्रत्येक नवा फंड उभारताना एलपी त्याला याहून कडक प्रश्न विचारतात, आणि उत्तरं त्याच्याकडे तयार असतात.