खुर्ची चोपड्यात, मालक म्युनिकला: कर आणि पीएफची पार्श्वभूमी

चाळीसगाव, चोपडा, शहादा इथली मुलं आता घरात बसून जर्मनी-अमेरिकेतल्या कंपन्यांची कामं करतात. जो वर्षभर इथेच राहतो, त्याच्या कराचं कोडं अवघड नाही. तो निवासी, म्हणून जगभरातलं उत्पन्न इथे करपात्र. परदेशी मालक टीडीएस कापत नाही, म्हणून ॲडव्हान्स टॅक्स स्वतःच भरायचा. गुंता होतो तो तिकडे स्थायिक झालेल्यांचा. दिवाळीला घरी येतात आणि दोन महिने इथूनच काम करतात. त्या दोन महिन्यांचा पगार कुठला?

वादाचं मूळ १९६१च्या आयकर कायद्यातल्या दोन शब्दांत आहे. अनिवासी माणसाने ‘भारतात कमावलेला’ पगार इथे करपात्र, असं कलम ९ म्हणत होतं. पण कमावलेला म्हणजे काय? काम केलं ते ठिकाण, की पगार देण्याची जबाबदारी जिथे उभी राहिली ते? १९८० मध्ये शेजारच्या गुजरातेतल्या उच्च न्यायालयाने दुसरा अर्थ धरला आणि इथे कामाला आलेल्या परदेशी माणसाचा तिकडे देय असलेला पगार सुटला. सरकारला ते मान्य नव्हतं. १९८३च्या वित्त कायद्याने स्पष्टीकरण घातलं: भारतात दिलेल्या सेवेचा पगार तो भारतात कमावलेलाच. तेही १ एप्रिल १९७९ पासून मागे नेऊन.

हे मागे नेणं मला आजही पटत नाही. निकाल विरोधात गेला की नियमच मागच्या तारखेने बदलायचा, मग करदात्याने विसंबायचं कशावर? अर्थ मात्र योग्य होता. यावलच्या बागेत केळीचे घड कापणाऱ्याची मजुरी यावलचीच, बागेचा मालक मुंबईत राहत असला तरी. २०२५च्या नव्या आयकर कायद्यानेही तेच तत्त्व ठेवलं.

दिवाळीवाले सुटतात ते दुहेरी कर टाळण्याच्या करारांमुळे. मुक्काम १८३ दिवसांच्या आत, मालक इथला निवासी नाही आणि पगाराचा खर्च त्याच्या इथल्या आस्थापनेवर पडत नाही, असं असेल तर बहुतेक करारांत इथे कर लागत नाही. २०२०च्या आधी हे दिवस फारसं कोणी मोजतही नव्हतं. २२ मार्च २०२०ला आंतरराष्ट्रीय विमानं थांबली आणि सुट्टीवर आलेले घरीच अडकले. प्रत्यक्ष कर मंडळाच्या मे महिन्यातल्या परिपत्रकाने त्या आर्थिक वर्षातले, म्हणजे ३१ मार्चपर्यंतचे, उरलेले दिवस निवासी ठरवताना मोजायचे नाहीत असं ठरवलं. खरा प्रश्न पुढच्या वर्षाचा होता. त्याचं उत्तर ३ मार्च २०२१ला आलं: सरसकट सवलत नाही, दुहेरी कर बसत असेल तर ३१ मार्चपर्यंत अर्ज करा. चार आठवड्यांत कागद कुठून गोळा करायचे?

कराचं निदान कुठेतरी ठरलं. पीएफचं नाही. पीएफ साधारणपणे २० किंवा अधिक कामगारांच्या आस्थापनेला लागतो. पेन्शनसारख्या योजनांचं अंशदान दोन्ही देशांत भरावं लागू नये म्हणून भारताचा सामाजिक सुरक्षेचा पहिला करार बेल्जियमशी २००६ मध्ये झाला, लागू झाला २००९ मध्ये. त्यातली मुख्य सवलत इथल्या मालकाने तिकडे पाठवलेल्यांसाठी: इथे पीएफ भरल्याचा दाखला दाखवा, तिकडचं अंशदान टळतं. अमेरिकेशी असा करार नाहीच. एच-१बी हा तिथला कामाचा व्हिसा सहसा सहा वर्षांचा, तिथल्या पेन्शनला मात्र साधारण दहा वर्षांचं अंशदान लागतं. त्यामुळे परतलेल्या कित्येकांच्या पगारातून कापलेले ६.२ टक्के तिकडेच राहिले.

थेट परदेशी मालकाकडे लागलेल्याला वेगळीच अडचण. काम भारतात, म्हणून जर्मनीचं अंशदान लागत नाही. मालकाची इथे आस्थापना नाही, म्हणून पीएफचं खातं नाही. बँकेत पैसे आले की पर्पज कोड, म्हणजे पैसे कशाचे ते सांगणारा क्रमांक, विचारतात. पी०८०२ लिहिलं तर सॉफ्टवेअर सल्ला, पी१४०१ लिहिलं तर कर्मचाऱ्याचा मोबदला. बहुतेक मुलं पहिला लिहितात, कारण करारात ‘कॉन्ट्रॅक्टर’ असतं. मग व्यावसायिकांसाठीच्या अंदाजित नफ्याच्या तरतुदीखाली (१९६१च्या कायद्यात कलम ४४एडीए) निम्मी रक्कम नफा दाखवता येते आणि कर कमी बसतो. पण कामाचे तास ठरलेले, रजा विचारून घ्यायची, मालक एकच. हा कॉन्ट्रॅक्टर कसला? कर वाचला म्हणून खूश असलेल्या या मुलांच्या नावावर म्हातारपणासाठी मालकाचा एक रुपयाही जमा होत नाही, हे त्यांना बजावून सांगावं लागतं.

२१ नोव्हेंबर २०२५ला लागू झालेल्या सामाजिक सुरक्षा संहितेत गिग कामगाराची, म्हणजे नेहमीच्या मालक-नोकर नात्याबाहेर काम करणाऱ्याची, व्याख्या आली. अंशदानाचा भार मात्र ॲग्रिगेटरवर, म्हणजे ग्राहक आणि काम करणारा यांना ॲपवर जोडणाऱ्या कंपनीवर आहे, आणि चोपड्याच्या मुलाला थेट कामावर ठेवणारी म्युनिकची कंपनी ॲग्रिगेटर नाही.