कॅमेऱ्यामागची टर्मिनल पट्टी

सिरपच्या बाटल्या कन्व्हेयरवरून सेकंदाला अर्धा मीटर वेगाने चालल्या आहेत. मिनिटाला 300 बाटल्या, म्हणजे एका बाटलीच्या वाट्याला 200 मिलिसेकंद येतात. तेवढ्यात कॅमेऱ्याने तिचा फोटो काढायचा, झाकण तिरके बसले आहे का, लेबल सुटले आहे का, औषध पुरेसे भरले आहे का हे संगणकाने तपासायचे, आणि बाटली सदोष निघाली तर हवेच्या झोताने तिला बाजूला काढायचे.

अशी यंत्रणा पाहायला आलेल्या माणसाची नजर आधी कॅमेऱ्यावर जाते, मग स्क्रीनवर. विचारणाही त्याचीच होते: किती मेगापिक्सेल, कुठले सॉफ्टवेअर. पण फोटो नेमका कोणत्या क्षणी काढायचा हे कॅमेऱ्याला कोण सांगते? ते सांगणाऱ्या तारा पॅनलच्या आत एका तळहाताएवढ्या ब्लॉकवर येऊन मिळतात. कॅटलॉगमध्ये त्याला कनेक्टर ब्लॉक म्हणतात, बडोद्यातल्या मकरपुऱ्याच्या जीआयडीसी औद्योगिक वसाहतीतले वायरमन ‘टर्मिनल पट्टी’ म्हणतात. कॅमेरा कितीही महागाचा असो, या पट्टीवरचा एक स्क्रू सैल राहिला तर तो चुकीच्या वेळी फोटो काढणार. आणि ही पट्टी जोडताना निष्काळजीपणा झाला तर नुकसान फक्त फोटोचे होत नाही, जोडणाऱ्याच्या हाताचेही होते.

बडोद्यात हा विषय परका वाटू नये. महाराज सयाजीरावांनी 1890 मध्ये इथे कलाभवन काढले, ते कारागिरी आणि विज्ञान एकाच छपराखाली शिकवायला. दादासाहेब फाळके तिथेच छायाचित्रण शिकले. कलाभवनाचे त्रिभुवनदास गज्जर 1907 मध्ये अलेंबिक कारखान्याच्या स्थापनेतही होते. छायाचित्रण आणि औषधनिर्मिती या दोन्ही गोष्टी या गावात शंभराहून अधिक वर्षे नांदताहेत. आज औषधाच्या बाटलीवर कॅमेरा लागतो तेव्हा त्या एकाच पॅनलमध्ये भेटतात.

संगणकात प्रतिमा घेणारे एक कार्ड बसवलेले असते. कॅमेऱ्याची केबल त्यातच जाते. पण कार्डाला बाहेरच्या जगाशीही बोलावे लागते: बाटली आली हे सांगणारा सेन्सर, पट्टा किती सरकला हे मोजणारा एन्कोडर, क्षणभर लखलखणारा एलईडी दिवा, सदोष बाटली उडवणारा व्हॉल्व्ह. कार्डाच्या मागे जागा जेमतेम बोटभर, त्यात बारीक पिनांचा एक कनेक्टर. तिथे थेट तार जोडणे शक्य नाही. म्हणून एक जाड, शील्ड (तारांभोवती धातूचे आवरण) असलेली केबल त्या पिना बाहेर आणते आणि ब्लॉकवर प्रत्येक पिनेला स्वतःचा स्क्रू मिळतो.

एन्कोडरचे गणित समजून घेण्यासारखे आहे. समजा रोलरचा घेर 200 मिलिमीटर आहे आणि एका फेऱ्यात एन्कोडर 1000 पल्स, म्हणजे विजेचे क्षणिक ठोके, देतो. मग एक पल्स म्हणजे पट्टा 0.2 मिलिमीटर सरकला. सेन्सरपासून कॅमेरा 250 मिलिमीटरवर असेल, तर बाटली दिसल्यापासून 1250 पल्स मोजायचे आणि फोटो काढायचा. पट्ट्याचा वेग मध्येच कमी-जास्त झाला तरी फोटो जागेवरच येतो, कारण इथे घड्याळ पाहिलेच जात नाही, अंतर मोजले जाते. मात्र प्रत्येक पल्स कार्डापर्यंत पोचला पाहिजे, आणि जो नव्हताच असा पल्स मध्येच घुसता कामा नये.

आता व्होल्टेज. कार्डाच्या साध्या इनपुटला 5 व्होल्टची भाषा कळते. 0.8 व्होल्टच्या खाली असेल तर ‘नाही’, 2 व्होल्टच्या वर असेल तर ‘आहे’. कारखान्यातला सेन्सर मात्र बहुतेक वेळा 24 व्होल्टवर चालतो. ते 24 व्होल्ट 5 व्होल्टच्या पिनेवर गेले की आतली चिप जळते, आणि ती जळल्याचे बाहेरून काहीच दिसत नाही. म्हणून चांगल्या ब्लॉकवर 24 व्होल्टसाठी वेगळी, आयसोलेटेड इनपुट असतात. त्यांच्या आत ऑप्टोकपलर असतो: एका बाजूला चिमुकला एलईडी, समोर प्रकाशाने चालू होणारा ट्रान्झिस्टर. सेन्सरचा करंट एलईडी पेटवतो, प्रकाश पलीकडे जातो, ट्रान्झिस्टर संदेश पुढे देतो. मधे तार नाहीच. सेन्सरच्या बाजूला काही गडबड झाली तरी ती संगणकापर्यंत येत नाही.

या सुंदर व्यवस्थेचा घात करणारा एक छोटासा तुकडा मी अनेक पॅनलमध्ये पाहिला आहे. आयसोलेटेड बाजूचा कॉमन (त्या बाजूचा सामाईक शून्य) आणि संगणकाची ग्राउंड एका जंपरने, म्हणजे तारेच्या तुकड्याने, जोडून टाकलेली असते. दोन्हींवर ‘ग्राउंड’ लिहिले आहे, मग जोडायला काय हरकत, असा विचार त्यामागे असतो. जंपर बसला की प्रकाशाने राखलेले अंतर तांब्याने बुजले. ऑप्टोकपलर तिथे असून नसल्यासारखा.

दुसरी चूक रंगांची. तीन तारांच्या सेन्सरमध्ये तपकिरी तार म्हणजे अधिक, निळी म्हणजे शून्य आणि काळी म्हणजे सिग्नल. आपल्याकडच्या घरगुती वायरिंगवर ज्याचा हात बसला आहे, त्याच्या डोक्यात काळी म्हणजे न्यूट्रल आणि निळी म्हणजे तिसरा फेज. असा अनुभवी माणूस काळी तार बिनदिक्कत शून्यावर बांधतो आणि सेन्सरचे आउटपुट शॉर्ट करून ठेवतो. हा दोष त्या माणसाचा म्हणता येत नाही, दोन वेगळ्या प्रथांचा आहे. म्हणून सेन्सरच्या अंगावर छापलेली आकृती पाहिल्याशिवाय तार लावू नये. त्या आकृतीतच सेन्सर पीएनपी आहे की एनपीएन हेही कळते. बाटली दिसली की पीएनपी सेन्सर काळ्या तारेवर अधिक व्होल्टेज देतो, एनपीएन तीच तार शून्याकडे ओढतो. ब्लॉकचे इनपुट त्या जातीला जुळेल असे जोडले नाही, तर सेन्सरवरचा दिवा लुकलुकत राहतो आणि कार्डाला काही कळत नाही.

हे सगळे पॅनल बंद असताना करायचे. पण बंद म्हणजे काय? वाघोडियाच्या बाजूला एका कारखान्यात हा संवाद माझ्यासमोर झाला. नव्या मुलाने एमसीबी पाडला, टेस्टर लावला आणि म्हणाला, “काका, टेस्टर पेटत नाही, सप्लाय गेलाय. करू सुरू?”

काकांनी त्याचा हातच धरला. “अरे, 24 व्होल्टवर टेस्टर पेटतो का कधी? आणि रबरी चटईवर उभा आहेस, 230 वरसुद्धा नीट पेटेल याचा भरवसा नाही. मीटर आण. आधी चालू प्लगवर लाव, मग इथे, मग परत प्लगवर.”

“परत कशाला?”

“मधेच मीटरची तार तुटली असेल तर? शून्य दाखवेल, आणि तू हात घालशील.”

त्या दिवशी मीटरने पॅनलच्या एका कोपऱ्यात 230 व्होल्ट दाखवले. संगणक यूपीएसवर होता आणि यूपीएसला एमसीबी पडल्याचे काही देणेघेणे नव्हते. अशा पॅनलमध्ये कधी कधी शेजारच्या मशीनच्या पॅनलमधूनही एखादी तार आलेली असते, तिचा सप्लाय वेगळाच. म्हणून येणारा प्रत्येक सप्लाय शोधून बंद करायचा, स्विचला कुलूप लावायचे, ‘काम चालू आहे’ अशी पाटी अडकवायची आणि किल्ली स्वतःच्या खिशात ठेवायची. प्रॉडक्शनवाले घाई करतील, करू देत.

संगणक नुसता शटडाऊन करूनही भागत नाही. प्लग लावलेला असेल तोवर त्याचा पॉवर सप्लाय मदरबोर्डला 5 व्होल्टचा स्टँडबाय देतच राहतो. कार्ड बसवताना किंवा ब्लॉकची केबल लावताना-काढताना प्लगच काढावा. चालू संगणकात केबल खुपसली तर ग्राउंडची पिन आधी टेकेल की सिग्नलची, यावर आपला ताबा नसतो. सिग्नलची आधी टेकली तर दोन्ही बाजूंच्या व्होल्टेजमधला सगळा फरक त्या एका नाजूक पिनेतून वाहून जातो.

याच जातीचा आणखी एक शत्रू म्हणजे स्थिर वीज. उत्तरायणाच्या सुमाराला बडोद्याची दुपार कोरडी असते, अंगात पॉलिस्टरचा शर्ट असतो आणि दाराच्या कडीला हात लावला की चटका बसतो. असा चटका माणसाला जाणवायला साधारण 3000 व्होल्ट लागतात. चिप त्याच्या कितीतरी कमी व्होल्टेजला खराब होते, म्हणजे आपल्याला काहीच जाणवले नाही तरी ती गेलेली असू शकते. म्हणून कार्ड पिशवीतून काढण्याआधी मनगटाला अर्थचा पट्टा बांधायचा. त्याच्या तारेत 1 मेगाओहमचा रेझिस्टर असतो. साठलेला चार्ज त्यातून सावकाश निघून जातो, आणि चुकून हात 230 व्होल्टला लागलाच तर त्या पट्ट्यातून पाव मिलिअँपिअरपेक्षाही कमी करंट वाहतो. रेझिस्टर नसलेली साधी तार मनगटाला बांधणे म्हणजे जिवाशी खेळ आहे. आणि पट्टा चिपला वाचवण्यासाठी आहे, तो बांधून चालू पॅनलमध्ये हात घालायचा नाही.

प्रत्यक्ष तार लावणे हे मला या कामातले सगळ्यात मनापासून आवडणारे अंग आहे. अर्ध्या चौरस मिलिमीटरची मल्टिस्ट्रँड तार घ्यायची आणि ब्लॉकच्या कागदावर लिहिले असेल तेवढेच, बहुधा 6-7 मिलिमीटर, इन्सुलेशन सोलायचे. दाताने किंवा ब्लेडने नाही, स्ट्रिपरने, कारण ब्लेड दोन-तीन बारीक तारा कापून जाते आणि उरलेल्या तिथेच वाकून वाकून तुटतात. जास्त सोलली तर उघडे तांबे शेजारच्या स्क्रूला टेकते. कमी सोलली तर स्क्रू इन्सुलेशनवर बसतो. तार घट्ट वाटते, पण संपर्क नसतो.

सोललेल्या टोकावर फेरूल, म्हणजे तांब्याची छोटी नळी, चढवून क्रिंप करायची, म्हणजे पकडीने दाबून बसवायची. कित्येक जण त्याऐवजी टोक सोल्डरमध्ये बुडवून कडक करतात. दिसायला छान दिसते, पण स्क्रूच्या टर्मिनलमध्ये ते चालत नाही. सोल्डर मऊ असते, सततच्या दाबाखाली ते हळूहळू पसरते, आणि आज घट्ट आवळलेला स्क्रू काही महिन्यांत आपोआप सैल होतो. मशीनच्या थरथरीने काम आणखी लवकर बिघडते. फेरूलचा तांब्याचा नळा असा पसरत नाही. स्क्रू आवळला की प्रत्येक तार हलकेच ओढून पाहायची. निघाली तर आत्ताच निघू दे. प्रत्येक तारेच्या दोन्ही टोकांना नंबरही हवा. तो नसेल तर पुढच्या माणसाला रात्रपाळीत एकेक तार काढून शोधत बसावे लागते.

आता त्या ‘नव्हताच असा पल्स’कडे येऊ. कन्व्हेयरची मोटर व्हीएफडीवर, म्हणजे मोटरचा वेग बदलणाऱ्या ड्राइव्हवर चालते. हा ड्राइव्ह मोटरला जाणारे व्होल्टेज सेकंदाला हजारो वेळा चालू-बंद करतो, आणि प्रत्येक वेळी त्याच्या केबलभोवतीचे चुंबकीय क्षेत्र झटक्यात बदलते. जवळून सेन्सरच्या दोन तारा सुट्ट्या गेल्या असतील तर त्यांच्यामधल्या पोकळीतून हे बदलते क्षेत्र जाते आणि तारांत व्होल्टेज उठते. त्याच दोन तारांना पीळ दिला तर शेजारशेजारच्या वेढ्यांत उठणारी व्होल्टेज एकमेकांच्या उलट असतात आणि बव्हंशी एकमेकांना रद्द करतात. दोन तारांना नुसता पीळ देऊन मिळणारे हे संरक्षण मला नेहमीच थक्क करते. त्यावर शील्ड हवी. सेन्सरच्या तारेची शील्ड पॅनलच्या टोकालाच अर्थ करावी. दोन्ही टोकांना केली आणि दोन जागांच्या अर्थिंगमध्ये थोडासा फरक असला, तर शील्डमधूनच करंट वाहू लागतो. एन्कोडरच्या बाबतीत बनवणाऱ्याने काय सांगितले आहे ते पाहावे. आणि मोटरच्या व सिग्नलच्या केबल एका ट्रेमध्ये टाकू नयेत. एकमेकींना ओलांडायचे असेल तर काटकोनात ओलांडाव्यात.

बाटलीच्या सेन्सरच्या तारेवर एक खोटा पल्स आला तर काय होते? रिकाम्या पट्ट्याचा एक फोटो निघतो, एवढेच वाटेल. पण संगणक बाटल्यांची रांग मोजत असतो: कितवी चांगली, कितवी सदोष. मध्ये एक खोटी बाटली घुसली की सगळी रांग एका घराने सरकते. झोत चांगल्या बाटलीवर बसतो आणि झाकण नीट न बसलेली बाटली खोक्यात जाते. ती पुढे कुणाच्या तरी घरी, एखाद्या तापलेल्या लेकराच्या उशाशी पोचणार आहे. म्हणून मी या स्क्रूंबाबत कुणाशी तडजोड करत नाही.

झोताचा व्हॉल्व्ह ब्लॉकच्या आउटपुटला थेट कधीच जोडू नये. आउटपुट काही मिलिअँपिअर देऊ शकते, व्हॉल्व्हच्या कॉइलला त्याच्या कितीतरी पट लागतो. मधे रिले (विजेने चालणारा स्विच) किंवा ट्रान्झिस्टरचे मॉड्यूल हवे. शिवाय कॉइलचा स्वभाव वेगळा असतो. माल भरलेली हातगाडी वेगात असताना अचानक अडवली तर वरचा माल पुढे फेकला जातो, तसा कॉइलमधला करंट एकदम तोडला की तो वाट काढण्यासाठी शेकडो व्होल्टचा झटका मारतो. 24 व्होल्टच्या कॉइलवर डायोड (करंट एकाच दिशेने जाऊ देणारा भाग) उलटा लावला की करंटला फिरत राहायला जागा मिळते आणि तो तिथेच शमतो. डायोडची किंमत दोन-चार रुपये. तो कॉइलच्या अगदी जवळ लावावा, पॅनलमध्ये नाही, म्हणजे झटका तारेवरून प्रवासच करत नाही.

सगळे जोडून झाले की लगेच संगणक सुरू करायचा नाही. ब्लॉकची केबल सुटीच ठेवून फक्त 24 व्होल्ट चालू करायचे आणि मीटरने प्रत्येक टर्मिनल ड्रॉइंगशी ताडून पाहायचे: सेन्सरसमोर हात धरला की कुठे किती येते, 5 व्होल्टच्या पिनांवर चुकून काही आले नाही ना. मग पुन्हा सगळे बंद, केबल लावायची, तिचे दोन्ही बाजूंचे स्क्रू आवळायचे, आणि त्यानंतर संगणक. शेवटची चाचणी मोटर पूर्ण वेगात आणि व्हॉल्व्ह चालू ठेवून घ्यायची, कारण मोटर थांबलेली असताना कुठलीही वायरिंग शहाण्यासारखी वागते. 100 बाटल्या हाताने मोजून सोडाव्यात. ट्रिगर, म्हणजे कार्डाला मिळालेले ‘बाटली आली’चे इशारे, 100 आणि फोटोही 100 असले पाहिजेत. ट्रिगर 103 आले तर पिळाच्या तारा, शील्ड आणि डायोड परत पाहायचे. मधे रिलेचा संपर्क असेल तर तो मिटताना उसळून एकाचे दोन-तीन पल्स करतो आहे का, तेही तपासायचे. ट्रिगर 100 आणि फोटो 98 असतील, तर तारा बहुधा ठीक आहेत. मग कॅमेऱ्याला आधीचा फोटो पूर्ण करायला वेळ पुरत नसावा, आणि शोध सॉफ्टवेअरच्या बाजूने सुरू करायचा. आकडे जुळले की ड्रॉइंगवर आज केलेले बदल पेनने लिहायचे, तारीख टाकायची आणि ते पॅनलच्या दाराच्या आतल्या कप्प्यात ठेवायचे.