मातीच्या भट्टीचे दोन थर: उष्णता साठवणारा आणि उष्णता अडवणारा

परसात पाव भाजायची घुमटाकार मातीची भट्टी बांधताना बरेच जण एकच चिखल कालवतात, त्यात सढळ हाताने पेंढा घालतात आणि भिंत वीतभर जाड करतात. भट्टी छान उभी राहते, पण निखारे बाहेर ओढताच तिचा दम संपतो. घुमटाला दोन वेगळे थर लागतात. दोन्ही मातीचेच, वाळल्यावर दिसतातही सारखे, पण त्यांची कामं वेगळी.

आतला थर उष्णता साठवतो. त्यात एक भाग चिकणमाती, दोन ते तीन भाग वाळू, आणि पेंढा अजिबात नाही. चिकणमाती वाळताना आकसते, वाळू आकसत नाही, म्हणून वाळूमुळे भेगा कमी पडतात. पेंढा मात्र आचेने जळतो आणि त्याच्या जागी पोकळ्या राहतात. इथे तर घट्ट, जड माल हवा, कारण दोन-तीन तास जाळ घातल्यावर भिंत जेवढी उष्णता पिते, तेवढीच पुढे पावाला देते. मिश्रणाचा गोळा कमरेच्या उंचीवरून टाकला तर तो पसरू नये, फुटूही नये. हा थर सात ते दहा सेंटिमीटर पुरतो. आणखी जाड केला तर उष्णता जास्त वेळ टिकते, पण तापायला सरपण आणि वेळही जास्त लागतो.

बाहेरचा थर उष्णता अडवतो, आणि ते काम मातीचं नसून पेंढ्यात अडकलेल्या हवेचं. पातळ कालवलेली चिकणमाती काड्यांना जेमतेम चिकटेल एवढीच घ्यायची. लाकडाचा भुसाही चालतो. गोळा हाताला हलका लागला पाहिजे. हा थर दाबून घट्ट केला की हवा निघून जाते आणि सगळी मेहनत वाया. पावसात भिजला तरी तेच, म्हणून भट्टीवर छप्पर हवंच. तळाचंही असंच: विटांच्या फरशीखाली रिकाम्या काचेच्या बाटल्या किंवा भुसामाती नसेल, तर उष्णता जमिनीत जाते.

कोणता थर कमी पडला हे भट्टीच सांगते. जाळ चालू असताना बाहेरून हात लावा. चटका बसला तर बाहेरचा थर कमी आहे. बाहेरून गार, पण निखारे काढल्यावर आतही लवकर गार होत असेल, तर आतला थर पातळ किंवा पोकळ आहे. भिंतीत ओल असेपर्यंत मात्र ही परीक्षा फसवी ठरते. आधी काही दिवस लहान जाळ घालून भट्टी पुरती वाळू द्या.