शेतावरचा मुलगा, मेनोनाइट प्राध्यापक: सी. हेन्री स्मिथ यांच्या मागची पावणेचारशे वर्षं

सी. हेन्री स्मिथ १८७५ मध्ये अमेरिकेतल्या इलिनॉय राज्यात, मेटामोराजवळच्या एका शेतावर जन्मले. घर आमिश मेनोनाइट, म्हणजे मोठेपणीच बाप्तिस्मा घेणाऱ्या एका ख्रिस्ती पंथातलं. १९०७ मध्ये शिकागो विद्यापीठाने त्यांना पीएच.डी. दिली. शेतकऱ्याचा मुलगा शिकला, यात नवल काय, असं आपल्याला वाटेल. पण ही पदवी घेऊनही आपल्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, टिकून राहिलेले ते अमेरिकेतले पहिले मेनोनाइट मानले जातात. तोवरचा अनुभव असा, की जो फार शिकला तो मंडळीला दुरावला. म्हणून घरची वडीलधारी माणसं उच्च शिक्षणाला बिचकत.

ही बिचक धर्माच्या मुळातली नव्हती. २१ जानेवारी १५२५ रोजी स्वित्झर्लंडमधल्या झुरिकमध्ये ज्या तरुणांनी एकमेकांना प्रौढ वयात बाप्तिस्मा दिला, त्यांचे पुढारी चांगले शिकलेले शहरी लोक होते. कॉनराड ग्रेबेल बाझेल, व्हिएन्ना आणि पॅरिसला शिकला होता. फेलिक्स मांझला हिब्रू येत असे. थोड्याच महिन्यांत त्यांना येऊन मिळालेला बाल्थाझार हुबमायर तर धर्मशास्त्राचा डॉक्टर. पण बाळाला बाप्तिस्मा नको, शपथ नको, बहुतेकांच्या मते हातात तलवारही नको, असं म्हणणारी प्रजा कुठल्याच सत्तेला परवडत नव्हती. ग्रेबेल १५२६ मध्ये प्लेगने गेला. मांझला जानेवारी १५२७ मध्ये लिमाट नदीत बुडवून मारलं, हुबमायरला पुढच्या वर्षी व्हिएन्नात जाळलं. ज्याच्या नावावरून पंथ ओळखला जातो तो मेनो सायमन्स हा नेदरलँड्समधला कॅथलिक पाद्री. तो १५३६ मध्ये या लोकांत आला, तोवर पहिल्या फळीतले बहुतेक विद्वान संपले होते.

उरलेल्यांना शहरात थारा नव्हता. स्विस मेनोनाइट डोंगरात गेले. १६४८ मध्ये तीस वर्षांचं युद्ध संपल्यावर जर्मनीतल्या ओसाड पडलेल्या पॅलेटिनेट भागातल्या जमीनदारांना कसणारे हात हवे होते, तिथेही ते गेले. पडीक जमीन पिकवून देणारी माणसं म्हणून त्यांना सहन केलं गेलं. शेती आधी नाइलाज होती, दोन-तीन पिढ्यांत ती धर्माचाच भाग झाली. उपदेशक शेतकऱ्यांतूनच, बऱ्याच ठिकाणी चिठ्ठी टाकून निवडला जाई. त्याला पगार नसे. असा उपदेशक घडवायला कॉलेज कशाला हवं?

गावच्या शाळामास्तराला मात्र मान होता. पेन्सिल्व्हेनियातला क्रिस्टोफर डॉक हा त्यातला सर्वांत लोभस माणूस. तो तीन दिवस स्किपॅकच्या शाळेत शिकवी, तीन दिवस सॅलफर्डच्या. एका शाळेतल्या मुलांना दुसऱ्या शाळेतल्या मुलांना पत्रं लिहायला लावी आणि टपाल स्वतःच नेई-आणी. चांगलं काम केलं की बक्षीस म्हणून पाखराचं किंवा फुलाचं चित्र काढून देई. मधली काही वर्षं शाळा सोडून त्याने नुसती शेती केली, आणि त्याची खंत त्याला पुढे वाटत राहिली. १७५० मध्ये त्याने शाळा चालवण्याची आपली पद्धत लिहून काढली, पण जिवंतपणी ती छापू द्यायला तो तयार नव्हता. फार गळ घातल्यावर १७७० मध्ये ती छापली गेली. पुढच्याच वर्षी तो वारला.

डॉकपासून स्मिथपर्यंत शंभराहून अधिक वर्षं गेली, पण गावच्या शाळेपलीकडची पायरी फारशी चढली गेली नव्हती. १८९४ मध्ये इंडियाना राज्यातल्या एल्कहार्ट गावी मेनोनाइटांची एक शिक्षणसंस्था निघाली. स्मिथ १८९८ मध्ये तिथे शिकवू लागले. या मेनोनाइटांचा आपल्याशीही धागा आहे. १८९६-९७ च्या दुष्काळात अमेरिकेतल्या मेनोनाइटांनी भारतात धान्य पाठवलं आणि १८९९ मध्ये त्यांचे मिशनरी आजच्या छत्तीसगडमधल्या धमतरीला येऊन राहिले. तो भाग तेव्हा मध्य प्रांतात, राजधानी नागपूर. तिथे त्यांनी अनाथ मुलांसाठी शाळा काढल्या, आणि स्वतःच्या गावात मात्र कॉलेजकडे अजून संशयाने पाहिलं जात होतं. ही विसंगती मला फार बोलकी वाटते.

१९०३ मध्ये एल्कहार्टची ती संस्था इंडियानातल्याच गोशेनला गेली आणि गोशेन कॉलेज झाली. स्मिथ तिथे इतिहास शिकवत, पुढे डीनही झाले. १९०९ मध्ये त्यांचा अमेरिकेतल्या मेनोनाइटांचा इतिहास प्रसिद्ध झाला. आपले पूर्वज केवळ हुतात्मे नव्हते, विद्यापीठात शिकलेली माणसंही होती, हे शेतकरी वाचकांपुढे मांडायला स्मिथ यांच्यासारखा घरचाच माणूस लागला. बाहेरच्याने सांगितलं असतं तर कोणी फारसं मनावर घेतलं नसतं.

तरी ताण संपला नाही. १९१३ मध्ये स्मिथ ओहायोतल्या अधिक मोकळ्या वळणाच्या ब्लफ्टन कॉलेजात गेले आणि १९४८ मध्ये मृत्यू येईपर्यंत तिथलेच राहिले. मेनोनाइट असले तरी चर्चचा गट बदलावा लागला होता. इकडे गोशेनमधला परंपरावाद्यांशी झगडा आणि पैशाची ओढाताण इतकी वाढली, की १९२३-२४ चं अख्खं वर्ष ते कॉलेज बंद ठेवावं लागलं.