पार्श्वभूमी : खानदेशचा कापूस, थांबवलेला वायदा आणि ‘अर्थशास्त्रा’तले दोन विचार

भावाची अनिश्चितता कोणी सोसायची, हा कापसाच्या बाजारातला वाद फार जुना आहे. कौटिल्याच्या ‘अर्थशास्त्रा’त शेकडा मासिक व्याज असं दिलंय : साध्या कर्जाला सव्वा पण (तेव्हाचं नाणं), व्यापाऱ्याला पाच, रानावनातून माल नेणाऱ्याला दहा, समुद्रावर जाणाऱ्याला वीस. माल बुडण्याचा धोका वाढला की दर चढतो, म्हणजे जोखमीला उघड किंमत आहे. त्याच ग्रंथात व्यापाऱ्याच्या नफ्यावर मर्यादाही आहे : देशी मालावर शेकडा पाच, परदेशी मालावर दहा. माल उदंड झाला तर पण्याध्यक्षाने (व्यापारावर देखरेख करणाऱ्या राजाच्या अधिकाऱ्याने) तो एकाच ठिकाणाहून विकावा आणि तो संपेपर्यंत इतरांनी विकू नये, असंही सांगितलंय. जोखमीला किंमत आणि बाजारावर नियंत्रण, हे दोन्ही विचार आपल्या कापूस धोरणात आजही एकमेकांना छेद देतात.

अमेरिकेतल्या यादवी युद्धात (१८६१–६५) चढलेला भाव आणि १ जुलै १८६५ ला मुंबईत बुडालेले मुदतीचे सौदे सर्वांना ठाऊक आहेत. १९५२ च्या कायद्याने तेजी-मंदीचे सौदे (ठरल्या भावाने घेण्या-विकण्याचा नुसता हक्क विकत घेण्याचे) बंद केले, साठच्या दशकात कापसाचा वायदाही (पुढच्या तारखेच्या मालाचा भाव आजच ठरवणारा करार) थांबला. १९७२ पासून राज्यात एकाधिकार खरेदी आली, म्हणजे कापूस फक्त सरकारनेच घ्यायचा. पण्याध्यक्षाचा नियम इथे विक्रीऐवजी खरेदीला लागला. चुकारे रखडले, की सीमेवरच्या खानदेशातला कापूस रातोरात मध्य प्रदेश आणि गुजरातच्या जिनांत (सरकी काढण्याच्या कारखान्यांत) जायचा.

खरा प्रश्न २०२२ चा आहे. २०२१-२२ च्या हंगामात कापूस क्विंटलला १०,००० रुपयांच्या वर गेला. दक्षिणेतल्या सूतगिरण्यांनी ओरड केली, एप्रिलमध्ये ११ टक्के आयातशुल्क उठलं. भाव सट्टेबाजांनी चढवला, हे गिरण्यांचं म्हणणं. ऑगस्टअखेर जानेवारी २०२३ च्या वायदा करारात नवे सौदे थांबवले गेले. फेब्रुवारी २०२३ मध्ये वायदा परत आला, पण नव्या मापात.

थांबवण्याची वेळ पाहा. ऑगस्टअखेर खानदेशातल्या पूर्वहंगामी कापसाची बोंडं उमलायला लागतात आणि जानेवारी हा आवकेच्या भराचा महिना. त्या महिन्याच्या भावाचा अंदाज नेमका तेव्हाच दिसेनासा झाला. शेतकऱ्यापुढे उरला मागच्या वर्षीचा आकडा. दहा हजारांच्या आशेने कापूस घराघरांत राहिला आणि उन्हाळ्यात ७,००० च्या आसपास खेडा खरेदीत (गावात येऊन व्यापारी करतात त्या खरेदीत) गेला. वायदा चालू असता तर भाव पडलाच नसता असं नाही. जगभर मागणी आटलेली होती. पण घसरण येतेय हे वेळेत कळलं असतं. भाव सांगणारी जागाच बंद करणं हा चुकीचा उपाय होता.

नव्या मापाबद्दल फारसं कोणी बोलत नाही. आधी वायद्याचा एक सौदा २५ गाठींचा असे; १७० किलोच्या गाठीने ४,२५० किलो रुई (सरकी काढलेला कापूस). रुईचा उतारा ३४ टक्के धरला तर १२५ क्विंटल कापूस. आता सौदा ४८ खंडींचा (खंडी ३५५.५६ किलोची), म्हणजे सुमारे १७,०७० किलो रुई, जवळपास ५०० क्विंटल कापूस. कोरडवाहू एकरी पाच क्विंटल धरले तर शंभर एकरांचं पीक! शेतकरी उत्पादक कंपनीशिवाय एकट्याने हा सौदा करणं आता जवळजवळ अशक्य आहे.

सौदा केला नाही तरी वायद्याचा भाव वाचता येतो. समजा खंडी ५६,००० रुपये आहे. ३५५.५६ ने भागलं की रुई किलोला साधारण १५७.५० पडते. क्विंटल कापसातून ३४ किलो रुई (५,३५५ रुपये) आणि सुमारे ६४ किलो सरकी निघते. सरकी ३० रुपये धरली तर १,९२०. बेरीज ७,२७५. त्यातून जिनिंग-प्रेसिंग, वाहतूक आणि व्यापाऱ्याचा नफा वजा जातो. सरकीचा भाव पडला की रुई स्थिर असूनही कापूस उतरतो, हे बरेचदा हिशेबातून निसटतं.

थांबण्याचा हिशेबही असाच. ७,५०० चा कापूस सहा महिने ठेवला तर महिना एक टक्क्याने व्याज ४५० आणि तीन टक्के घट २२५. म्हणजे ८,१७५ मिळाले तरच बरोबरी. शिवाय रंग पिवळा पडतो आणि प्रत उतरते.

१९ ऑगस्ट २०२५ पासून आयातशुल्क पुन्हा उठलं, आधी सप्टेंबरअखेर आणि नंतर डिसेंबरअखेरपर्यंत. लांब धाग्याचा हमीभाव २०२५-२६ साठी क्विंटलला ८,११० होता, पण तो ८ टक्के ओलाव्यापर्यंतच पूर्ण मिळतो. पुढे कपात होते आणि १२ टक्क्यांच्या वर गेलेला कापूस केंद्रावरून परत येतो.