युनियनने पगार वाढवला की नोकऱ्या जातातच?

जानेवारी आला की एक ठरलेला मेसेज फिरू लागतो : १९८२च्या संपाने मुंबईच्या गिरण्या बुडवल्या, तेव्हा युनियन म्हणजे नोकरीवर कुऱ्हाड. ‘मजुरी वाढली की कामगारांना असलेली मागणी घटते’ हा नियम तर असा ऐकवतात, जणू कपाळी आलेली साडेसाती! पण कामगारांना कामावर घेणारे मालक पुष्कळ असतील, तेव्हाचा हा नियम. गावात एकच कारखाना असेल तर गणित फिरतं.

समजा, तिथे १० कामगार ५०० रुपये रोजावर आहेत. अकरावा ५२०च्या खाली येत नाही. त्याला ५२० दिले की बाकीचे दहाही तेवढेच मागणार. म्हणजे अकरावा मालकाला पडतो ५२० अधिक दहा जणांचे वीस-वीस, एकूण ७२० रुपयांना. त्याच्या कामातून रोज ६५० मिळणार असतील, तर मालक त्याला घेणार नाही. आता युनियनने सरसकट ६०० रोज ठरवून घेतला. दहा जणांना ६०० द्यायचेच आहेत. अकराव्यामुळे खर्च वाढतो फक्त ६००ने आणि हाती येतात ६५०. तो कामावर लागतो! पगार वाढला, नोकरीही वाढली. पैसे गेले मालकाच्या नफ्यातून. जोन रॉबिन्सन या अर्थशास्त्रज्ञ बाईंनी १९३३मध्ये ही मांडणी केली. माझ्या मते अर्थशास्त्रातलं हे सर्वांत देखणं गणित.

युनियन ७००वर अडून बसली, तर मात्र अकरावा पुन्हा गेटबाहेर.

मुंबईत गेटबाहेर उभा असायचा बदली कामगार. कायम कामगाराचा खाडा पडला तरच त्याला त्या दिवशी काम. शिवाय १९४६च्या मुंबई औद्योगिक संबंध कायद्याने गिरण्यांशी बोलणी करायचा हक्क एकाच युनियनला, राष्ट्रीय मिल मजदूर संघाला होता. एकाधिकार मालकाचाच असतो असं नाही! त्या संघावर चिडलेले कामगार १९८२मध्ये कामगार नेते दत्ता सामंतांकडे गेले आणि अडीच लाखांच्या आसपास लोक संपावर उतरले.

पण वरचं गणित मालकाकडे वाटून घेण्याजोगा नफा असेल तरच चालतं. बऱ्याच गिरण्यांची यंत्रं जुनाट झाली होती आणि भिवंडीचे यंत्रमाग स्वस्तात कापड विणत होते. तिथल्या विखुरलेल्या छोट्या कारखान्यांत युनियन बांधणंही अवघड. पुढे १९९१च्या विकास नियंत्रण नियमावलीने गिरण्यांच्या जमिनी विकायची वाट मोकळी केली. मग अकरावा सोडा, कित्येक मालकांना पहिला कामगारही नको झाला.