वीज साठवायची कुठे? कोकणाचं जुनं उत्तर

मे महिना संपत आला की आमच्याकडे इन्व्हर्टरच्या बॅटरीची झाकणं उघडतात. डिस्टिल्ड वॉटर भरायचं, खाऱ्या हवेने टर्मिनलवर साचलेला हिरवट थर गरम पाण्याने धुवायचा आणि वर व्हॅसलीन चोपडायचं. वीज साठवणं म्हणजे एवढंच, असं वाटतं. पण कोकणातली खरी साठवण शंभर वर्षांहून जुनी आहे आणि ती पाण्याची आहे.

१९१५ साली टाटांचं खोपोलीचं वीजगृह सुरू झालं. लोणावळ्याच्या बाजूला अडवलेलं पावसाचं पाणी घाट उतरून मुंबईच्या गिरण्या फिरवू लागलं. साठच्या दशकात पोफळीचं वीजगृह आलं. पूर्वेला जाणारं कोयनेचं पाणी डोंगर पोखरून पश्चिमेला आणलं, वीज करून वाशिष्ठीत सोडलं. या पाण्याला कृष्णा पाणीतंटा लवादाने वर्षाला ६७.५ टीएमसीची (अब्ज घनफुटांची) मर्यादा घातली, त्यामुळे ते जपून, मुख्यतः मागणी चढते तेव्हा सोडतात. सायंकाळी लाखो घरांत एकदम दिवे लागले की कोयना काही मिनिटांत भार उचलते.

हे महत्त्वाचं का? ग्रिडमध्ये, म्हणजे विजेच्या सामायिक जाळ्यात, क्षणोक्षणी मागणीइतकीच वीज तयार व्हावी लागते. वीज कमी पडली की ५० हर्ट्झची वारंवारता, म्हणजे विजेची सेकंदाला ५० आवर्तनांची लय, घसरते. औष्णिक आणि जलविद्युत केंद्रांत फिरणारी अवजड यंत्रं ही घसरण आपल्या वजनाने मंदावतात. सौर पॅनेलमध्ये फिरणारं काहीच नाही, आणि सूर्य नेमका मागणी वाढताना मावळतो.

घाटघर मला म्हणूनच फार मोलाचं वाटतं. २००८ मध्ये सुरू झालेल्या या २५० मेगावॉटच्या प्रकल्पात शहापूर तालुक्यातलं पाणी रात्रीच्या शिलकी विजेवर कड्यावर चढवायचं आणि मागणीच्या वेळी पुन्हा खाली सोडायचं. यात काही वीज वाया जाते, पण हवी तेव्हा हाताशी असते. आता शिल्लक दुपारच्या उन्हाची असेल, तंत्र तेच.

लिथियम बॅटरी याहून चपळ. वारंवारता घसरताच ती सेकंदाच्या आतच वीज सोडते. दक्षिण ऑस्ट्रेलियात २०१७ साली १०० मेगावॉटची बॅटरी बसली, तीही २०१६ मध्ये सगळं राज्य अंधारात गेल्यावर.

आपल्याकडे ३ जून २०२० ला निसर्ग वादळाने श्रीवर्धन, मुरुड, दापोलीचे खांब आडवे केले. कित्येक गावांत आठवडेच्या आठवडे लाईट नव्हती. मोडलेला खांब बॅटरीने उभा राहत नाही, हे खरं. पण वरची मोठी लाईन तुटली तरी तालुक्याच्या सबस्टेशनमधल्या साठ्यावर सरकारी दवाखाना आणि नळपाणी योजनेचा पंप चालू शकतो. पहिल्या बॅटऱ्या तिथेच बसायला हव्यात.